आधी कान, मग गळा

ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात येतात ती गुडघ्यांच्या, झोपेच्या आणि साखरेच्या तक्रारी घेऊन. ‘माझा सूर लागत नाही’ अशी तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक आजी आल्या, त्याही स्वतःहून आल्या नव्हत्या. सूनबाईंनी त्यांना आणले होते. (आजींच्या संमतीनेच हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.) वय ७४, रक्तदाब गोळीने ताब्यात, हिंडणे-फिरणे व्यवस्थित. “आईंचा आवाज बिघडलाय, डॉक्टर. तीस वर्षांचं भजनी मंडळ सोडून घरात बसल्यात,” सूनबाई म्हणाल्या. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मंडळातल्या बाई म्हणाल्या, काकू, तुम्ही आता नुसता टाळ धरा, गायचं आम्ही बघतो.”

सांगणाऱ्या बाईंच्या मनात दुष्टावा नसावा. कार्यक्रम जवळ आला होता आणि एक आवाज सारखा बाजूला पडत होता. पण त्या दिवसापासून आजींनी टाळही धरला नाही.

मी घसा पाहिला. थोडा लालसर वाटला, म्हणून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वाफ सांगितली. आवाजाची तक्रार तीन आठवड्यांहून जुनी असेल तर स्वरयंत्र तपासून घ्यावे, या नियमानुसार नाक-कान-घसा तज्ज्ञांकडेही पाठवले. स्वरयंत्र वयाला साजेसे होते, काळजीचे काही नव्हते. तिसऱ्या खेपेला मी मान खाली घालून औषधे लिहीत होतो आणि लिहिता लिहिताच विचारले, “झोप लागते का?” आजी तत्परतेने म्हणाल्या, “हो, रिक्षानेच आलो.”

सूनबाई हसल्या. मला हसू आले नाही. पहिल्या दोन भेटींत मी समोर पाहून बोललो होतो आणि आजींनी माझ्या ओठांवरून शब्द ओळखले होते. जवळजवळ महिनाभर मी जो दोष गळ्यात शोधत होतो, तो कानात होता. ऑडिओमेट्री केली तेव्हा दोन्ही कानांची श्रवणशक्ती, विशेषतः उंच स्वरांची, बरीच उतरलेली निघाली.

माझी चूक मला लागली, आणि त्याच निमित्ताने एक प्रश्न मनात राहिला. एकट्याने गाताना आजींचा सूर घरी बरा लागत असे. सूनबाईंनी तसे मुद्दाम सांगितले होते. मग चारचौघींतच तो का सुटावा? अनेक माणसे एकत्र गातात तेव्हा त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात म्हणजे नेमके काय होते? यावर वाचू लागलो, तेव्हा कळले की स्वीडनमधील काही शास्त्रज्ञांनी आयुष्याची कित्येक वर्षे याच प्रश्नाला वाहिली आहेत.

स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत

स्वीडन हा वृंदगानाचा देश. तेथे गावोगावी कॉयर असतात, आणि त्यांत गाणारे बहुतेक लोक तुमच्या-आमच्यासारखे नोकरी-धंदा करणारे, हौशी. एरिक एरिक्सन यांच्यासारख्या संचालकाने १९४५ साली स्टॉकहोममध्ये छोटा गायकवृंद उभा केला आणि पुढची अनेक दशके स्वीडिश वृंदगानाचा नितळ, एकसंध नाद जगभर पोहोचवला. त्याच शहरातील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अभियांत्रिकी विद्यापीठात योहान सुंडबर्ग यांनी मानवी गळ्याच्या ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला, आणि स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी तोच धागा पकडून वृंदगानाचे मोजमाप सुरू केले. टर्नस्ट्रॉम यांचा या विषयावरील प्रबंध १९८९ सालचा आहे.

आपल्या भजनाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. युरोपीय वृंदगानात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस असे चार थर असतात व प्रत्येक थर वेगळी चाल गातो. आपण सारे एकच चाल गातो. फरक खरा आहे. परंतु त्या चारांपैकी कोणताही एक थर घेतला, तर त्यातील आठ-दहा माणसे एकच ओळ, एकाच वेळी, एकाच स्वरात गात असतात. म्हणजे प्रत्येक थर हे एक भजनी मंडळच झाले. मिसळण्याचा प्रश्न तेथेही तोच आणि हरिपाठालाही तोच.

पहिली गोष्ट त्यांना आढळली ती अशी, की चांगला गायक एकटा गाताना आणि समूहात गाताना गळा निरनिराळ्या रीतीने वापरतो. मैफिलीत किंवा ऑपेरात गाणाऱ्या पुरुषाच्या आवाजात साधारण २५०० ते ३००० हर्ट्झच्या आसपास शक्तीचा एक उंचवटा असतो. त्यामुळे आवाजाला धार येते आणि पुढे वाद्यवृंद वाजत असला तरी त्याचा एकट्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. थॉमस रॉसिंग, सुंडबर्ग आणि टर्नस्ट्रॉम यांनी १९८६ साली खर्जातल्या पुरुष गायकांवर केलेल्या अभ्यासात दिसले, की तोच गायक वृंदात गाताना हा उंचवटा खाली आणतो आणि मूळ स्वराला अधिक वजन देतो. थोडक्यात, आवाजाची धार तो म्यान करतो. हे कोणी त्याला पट्टी लावून शिकवलेले नसते. कान सांगतो आणि गळा ऐकतो.

दुसरी गोष्ट मला अधिक आवडली, कारण तिच्यात दिलासा आहे. दोन लगतच्या स्वरांमधील, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. टर्नस्ट्रॉम यांनी संगणकावर पाच-पाच आवाजांचे कृत्रिम गायकवृंद तयार केले, त्यांतील आवाज एकमेकांपासून कमी-अधिक सरकवले आणि ते जाणकार श्रोत्यांना ऐकवले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात श्रोत्यांना सर्वाधिक आवडला तो शून्य किंवा पाच सेंटचा विखुरलेपणा. पण चौदा सेंटपर्यंतचा विखुरलेपणा त्यांनी सर्वसाधारणपणे चालवून घेतला. श्रोत्याश्रोत्यांच्या सहनशीलतेत फरकही पुष्कळ होता. म्हणजे सगळे आवाज काटेकोरपणे एका बिंदूवर आलेच पाहिजेत असे नाही. थोडा इकडे-तिकडेपणा समूहगानात सामावतो. किंबहुना अनेक गळ्यांचे ते किंचित निरनिराळेपणच समूहाच्या नादाला भरीवपणा देते. एकाच माणसाचा आवाज दसपट मोठा केला तरी त्यातून दहा माणसांचे भजन होत नाही.

आपला आवाज आपल्याला ऐकू येतो का?

आता मूळ मुद्दा. वृंदात गाणाऱ्या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी ऐकाव्या लागतात: इतरांचा आवाज, म्हणजे कोठे जायचे ते कळते, आणि स्वतःचा आवाज, म्हणजे आपण कोठे आहोत ते कळते. यांपैकी एक जरी हरवला तरी सूर जुळवणे अशक्य. टर्नस्ट्रॉम यांनी या दोहोंमधील प्रमाण मोजायचे ठरवले. त्यासाठी योजलेली युक्ती साधी आणि सुंदर होती. गायकाने मायक्रोफोनसमोर गायचे. त्याच्या आवाजाच्या प्रमाणात लहान-मोठा होणारा कृत्रिम वृंदगानाचा नाद त्याच्या कानांवर पडायचा. गायक मायक्रोफोनच्या जवळ सरकला की वृंद मोठा, मागे सरकला की वृंद लहान. जेथे गाणे सोयीचे वाटेल तेथे उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून निघाले, की अनुभवी गायकांना स्वतःचा आवाज इतरांच्या एकत्रित आवाजापेक्षा सरासरी सहा डेसिबलने अधिक ऐकू यावा असे वाटते. सहा डेसिबल म्हणजे ध्वनीचा दाब जवळजवळ दुप्पट. माणसागणिक ही पसंती बरीच बदलते, पण एकच माणूस पुन्हा पुन्हा बहुधा त्याच प्रमाणावर येऊन थांबतो.

हे वाचल्यावर आजींची सारी कहाणी माझ्यासमोर उलगडली. त्यांचे मंडळ पूर्वी देवळाच्या ओसरीवर बसत असे. नंतर नवे सभागृह झाले: गुळगुळीत फरशी, चारही बाजूंना उघड्या भिंती, वर पत्रा आणि कोपऱ्यात ध्वनिक्षेपक. अशा जागेत आवाज आदळून परततो आणि घुमत राहतो. त्या घुमण्यात इतरांचा आवाज वाढतो, आपला थेट कानांवर येणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. त्यात भर म्हणजे आजींची जागा ध्वनिक्षेपकाच्या पुढ्यात. तरुण कानही अशा ठिकाणी गोंधळतो. वयस्क कानाला तर गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणेच जड जाते, आणि उंच स्वर कमी झाल्यामुळे ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. शब्द केव्हा सुरू झाला हेच नीट समजत नाही. वृद्ध गायकाला सहापेक्षा अधिक डेसिबलांचा आधार लागत असावा, असा माझा तर्क आहे; मोजलेले नाही, तेव्हा तर्क म्हणूनच घ्यावा. घरी देवापुढे एकट्याने गाताना आजींना स्वतःचे सगळे ऐकू येत होते, म्हणून घरचा सूर बरा होता. कोडे सुटले ते असे.

आपला आवाज ऐकू आला नाही की माणूस काय करतो? मोठ्याने गातो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच कर्णतज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिले, की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. लग्नाच्या मांडवात आपण सगळे हेच करतो. भजनातही हेच होते: एकीने चढवला म्हणून शेजारणीने, शेजारणीने चढवला म्हणून पुढच्या रांगेने, आणि ढोलकीवाला तर वाटच पाहत असतो. ज्याला कमी ऐकू येते तो यात सर्वांच्या पुढे जातो, ताणून गातो, आणि ताणलेला गळा सुरावर ठरत नाही. ‘काकूंचा आवाज बाहेर येतो’ ही तक्रार बहुधा येथून जन्मते. सुदैवाने हा प्रतिक्षेप पूर्णपणे आपल्या हाताबाहेरचा नाही. अमेरिकेत वृंदगायकांवर झालेल्या एका अभ्यासात (१९९४) दिसले, की ‘भोवतीचा आवाज वाढला तरी तुम्ही वाढवू नका’ अशी स्पष्ट सूचना मिळाली तर गायकांना ते बऱ्याच अंशी साधते. तेव्हा मंडळाच्या प्रमुखांनी “मोठ्याने म्हणा” याऐवजी अधूनमधून “जरा हळू म्हणा, शेजारणीचं ऐकू येऊ द्या” असे म्हणून पाहावे.

आपले शाहीर पोवाडा गाताना एक हात कानाशी का नेतात, हे मला लहानपणी कोडे वाटे. त्यामागची परंपरा काही असो. हाताचा तळवा तोंडाजवळून कानाकडे वळवून धरला तर स्वतःचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो, हे घरी बसल्या जागी कोणालाही पडताळता येईल. वाचकहो, आत्ताच करून पाहा. हा बिनपैशाचा उपाय मी आता अनेक आजी-आजोबांना सांगतो.

जागा बदला, पट्टी बदला

कोणी कोठे बसावे, यालाही अर्थ आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात ल्यूथर कॉलेजमध्ये वेस्टन नोबल नावाचे संचालक होते. कोणता आवाज कोणाच्या शेजारी ठेवला म्हणजे दोन्ही खुलतात, हे ते प्रत्यक्ष गाऊन घेऊन ठरवीत आणि त्यानुसार माणसे उभी करीत. आपल्याकडे बसण्याच्या जागा ज्येष्ठतेने, मैत्रीने किंवा आधी कोण आले यावरून ठरतात, आणि त्या बदलायच्या म्हटल्या तर रुसवेफुगवे होतात हे मी जाणून आहे. तरी निदान अंतर तरी वाढवता येईल. जेम्स डॉगर्टी या अमेरिकी संशोधकाने १९९९ साली दाखवले, की गायक खांद्याला खांदा लावून उभे राहण्यापेक्षा थोडे मोकळे उभे राहिले, तर ते त्यांना स्वतःलाही आवडते आणि ऐकणाऱ्यांनाही. कारण उघड आहे: शेजारच्याचा आवाज थोडा दूर गेला की आपला आपल्याला सापडतो. सभागृह मोठे आहे पण सगळ्या बायका एका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या आहेत, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. दुसरी सतरंजी अंथरा. ती फरशीवरचा घुमारा थोडा शोषून घेईल, हा वरचा फायदा.

पट्टीचेही तसेच. वयानुसार स्वरयंत्रातील स्नायू बारीक होतात, स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत, मध्ये बारीकशी फट राहून हवा निसटते आणि आवाज हवेशीर, थरथरता होतो. छातीचा पिंजरा ताठरल्यामुळे श्वासही पूर्वीइतका पुरत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचा आवाज खाली उतरतो. पुरुषांचा मात्र उतारवयात थोडा वर सरकण्याकडे कल असतो. आता पाहा: मंडळ स्थापन झाले तेव्हा बायका चाळिशीत होत्या, पेटीवर काळी चार धरली गेली, आणि आज सगळ्या सत्तरीत आल्या तरी पेटी काळी चारवरच आहे. अंतरा आला की निम्म्या गप्प होतात आणि निम्म्या ओरडतात. पांढरी चारवर उतरून पाहण्यात कोणता कमीपणा आहे? पट्टी ही काही देवाला केलेला नवस नव्हे.

आवाज मिसळण्यात स्वराइतकाच वाटा उच्चाराचा असतो. एकीचा ‘आ’ उघडा आणि दुसरीचा मिटलेला असेल, तर स्वर जुळूनही नाद जुळत नाही. म्हणून वृंदसंचालक स्वरवर्णांच्या आकारावर तास न् तास घालवतात. ज्येष्ठांच्या बाबतीत येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ती म्हणजे सैल कवळी. कवळी हलत असेल तर माणूस ती पडू नये म्हणून तोंड कमी उघडतो, आणि सारे उच्चार बदलतात. दंतवैद्याची एक भेट येथे संगीतशिक्षकाच्या सहा महिन्यांचे काम करते.

औषधांकडेही पाहावे. दम्याचा स्टेरॉइडयुक्त फवारा घेतल्यावर चूळ भरली नाही तर आवाज घोगरा होऊ शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. काही औषधांनी तोंड सुकते. अशी शंका आल्यास औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. बहुधा पर्याय असतो. आवाज हळूहळू अगदी क्षीण होत चालला असेल, आणि हालचाली मंदावल्या असतील किंवा हात थरथरत असेल, तर तेही सांगावे, कारण कंपवाताची सुरुवात कधीकधी अशी होते. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत, ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी कर्णतज्ज्ञ गाठावा. ‘मळ असेल, जाईल’ म्हणून आठवडा घालवू नये.

आता श्रवणयंत्राबद्दल, कारण आजींची गोष्ट तेथे पुन्हा अडकली. यंत्र बसवले, बोलणे ऐकू येऊ लागले, घरात आनंद झाला. आणि भजनाला गेल्या त्या पहिल्याच दिवशी आजी यंत्र काढून पिशवीत टाकून आल्या. “माझाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो, आणि पेटी थरथरते,” त्या म्हणाल्या. घरच्यांना वाटले, ही वयाची कुरकूर. ती कुरकूर नव्हती. कानाचे तोंड घट्ट बंद झाले की हाडांमधून येणारा स्वतःचा आवाज आत कोंडून घुमतो. आणि यंत्र मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेले असल्याने पेटीचा लांब, स्थिर स्वर म्हणजे शिट्टीच आहे असे समजून ते तो दाबायला जाते, त्यामुळे स्वर डळमळतो. दोन्हींवर इलाज आहे. कानातल्या साच्याला योग्य छिद्र ठेवता येते, आणि बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी लावता येते. मात्र ऑडिओलॉजिस्टला ‘मी भजन गाते’ हे सांगावे लागते. न सांगितल्यास त्यांना कळणार कसे? आम्हा डॉक्टरांच्या कागदावर ‘आपण गाता का?’ असा रकाना नसतो. माझ्या कागदावर आता आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काळजी घेणाऱ्या मुलासुनांना पडणे रास्त आहे. भजन नाही तर नाही, दूरदर्शन आहे, नातवंडे आहेत. येथे मला जरा जपून लिहिले पाहिजे, कारण ‘गाण्याने अमुक आजार बरा होतो’ अशा बातम्या फार फिरतात. अमेरिकेत जीन कोहेन यांनी सरासरी वय ऐंशीच्या आसपास असलेल्या १६६ ज्येष्ठांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॉयरमध्ये जाणाऱ्यांच्या डॉक्टरांकडील खेपा, औषधे आणि पडण्याचे प्रसंग कमी आढळले, आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु कोणी कोणत्या गटात जायचे हे तेथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे मुळातच हौशी आणि धडधाकट माणसे गाणाऱ्यांत गेली असण्याची शक्यता उरते. इंग्लंडमध्ये साठीपुढील २५८ जणांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून केलेल्या प्रयोगात (२०१५) समूहगानाने चिंता आणि उदासी कमी झाल्याचे दिसले. सॅन फ्रान्सिस्कोत १२ ज्येष्ठ-केंद्रांमधील ३९० जणांवरचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने गायल्यावर स्मरणशक्तीत किंवा शारीरिक क्षमतेत ठळक फरक पडला नाही. मात्र एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. मला हा निष्कर्ष सर्वांत विश्वासार्ह वाटतो, आणि पुरेसाही. एकटेपणावर माझ्याकडे गोळी नाही.

याउलट ऐकू न येणे आणि त्यातून माणसांतून उठून जाणे याची किंमत मोठी आहे. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता किंवा कमी करता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष एक आहे आणि सामाजिक एकाकीपणा दुसरा. आजी एकाच वेळी दोन्हींच्या वाटेवर होत्या, आणि आम्ही त्यांना गुळण्या करायला लावत होतो.

एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात ६१ जणांचा कॉयर अडीच तास सरावाला जमला. त्यांतील एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याचे मानले गेले, आणि दोघे दगावले. गाताना श्वास खोल जातो आणि जोराने बाहेर पडतो. तेव्हा खोकला, सर्दी, ताप असताना मंडळात जाऊ नये, गेलेल्याला गोड बोलून परत पाठवावे, आणि गाताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खिडक्या उघड्या असल्या की घुमाराही कमी होतो.

आजींच्या मंडळाच्या प्रमुख बाई माझ्याच रुग्ण निघाल्या. रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा, आजींची परवानगी घेऊन, मी त्यांना हे सारे सांगितले. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, वय झालं.” त्यांनी स्वतः आजींच्या घरी जाऊन त्यांना आणले. ध्वनिक्षेपक आता मागच्या भिंतीकडे वळवला आहे, आजी पेटीच्या उजव्या हाताला, बाकीच्यांपासून हातभर अंतर ठेवून बसतात, आणि पट्टी दीड स्वराने उतरली आहे. त्या पट्टीवरून दोघी अजून नाराज आहेत.

सगळे काही जागेवर आले असे नाही. वरच्या पट्टीतल्या एका अंतऱ्यात आजींचा सूर आजही सुटतो, आणि त्या ओळीपुरत्या त्या आपणहोऊन गाणे थांबवून टाळ वाजवतात. ध्रुवपद आले की पुन्हा सुरू करतात. गेल्या आषाढीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या सरावाला जाऊन मागे बसलो होतो. डोळे मिटून आजींचा आवाज वेगळा ऐकू येतो का, हे पाहत होतो. दोनदा सापडला, नंतर सापडेना.